पत्र्यांची समाधी

"मग काय सांगू त्यांना, माय? विष आहे, खुशाल खा... असं सांगू?"

गिरजामाय तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"कोण खातंय?"

"सगळे! कुणी कपाळाला फासतंय, कुणी पुडी बांधून घेतंय. एक बाई तर नवऱ्याला पाण्यातून पाजणार आहे म्हणे. छपराची भुकटी! उदी म्हणून!"

"आणि तू काय केलंस?"

"ओरडलो."

"मग?"

"मग काय... ते माझ्यावर ओरडले."

मायनं एक खडा उचलून बाजूला टाकला.

"बस जरा."

मुकुंद कोठावळे बसला नाही. संतापानं त्याचे कान लाल झाले होते आणि गळ्यात लोंबणारा मास्क श्वासागणिक हलत होता.

मुकुंदानं उभा जन्म एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून काढला होता. कुणी टोपी काढली, कुणी हातमोजे विसरला की तो आकाशपाताळ एक करायचा. लोक मागं नावं ठेवायचे. पण त्याच्या पाळीत कुणाचं बोट तुटलं नाही, हेही तेच सांगायचे. नोकरी संपल्यावर तो टेकडीवरच्या या मठात येऊन राहिला. देव त्याला फारसा पटला नव्हता. माय पटली होती. ती थोडं बोलायची, आणि जे बोलायची ते चार दिवस पुरायचं.

आजच्या भांडणाचं मूळ होतं टेकडीच्या पायथ्याचं गॅरेज.

मठाची जुनी जीप तिथं उभी असे. वर पन्हाळीचे करडे पत्रे. सगळे त्यांना सिमेंटचे पत्रे म्हणत, आणि मुकुंद दर वेळी अडवून सांगे, "सिमेंटचे नव्हेत, अ‍ॅस्बेस्टॉसचे." ऊनपावसानं त्यांचा वरचा थर उडून गेला होता. बोट फिरवलं तर बोटाला पीठ लागे. कडा भिजल्या बिस्किटासारख्या सुटत होत्या.

त्या पिठात डोळ्यांना न दिसणारी कुसळं असतात. छातीत गेली की ती परत निघत नाहीत, आणि वर्षानुवर्षांनी माणूस धाप लागून जातो. मुकुंदाला हे पुस्तकातून कळलं नव्हतं. त्याचा थोरला भाऊ असले पत्रे बनवणाऱ्या कारखान्यात होता. 'सिमेंटच तर आहे,' असं तिथं सांगायचे. शेवटी शेवटी तो खुर्चीत बसून झोपायचा... आडवं झालं की श्वास पुरत नसे.

म्हणून मुकुंद चिडायचा. आणि एकदा चिडला की त्याला थांबता यायचं नाही.

छप्पर बदलण्याचं त्यानंच मायच्या गळी उतरवलं होतं. गावातल्या गवंड्यानं सोपा उपाय सांगितला होता, "घण घालू. दुपारपर्यंत भुईसपाट. तुकडे द्यायचे ओढ्यात लोटून." मुकुंदानं त्याला कोपरापासून हात जोडले. हे काम रीतसर करणारी शहरातली मंडळी जे मागत होती, त्यात जीप विकूनही भागलं नसतं. तेव्हा त्यानं काम स्वतःच्या अंगावर घेतलं आणि मुंगीच्या चिकाटीनं जुळवाजुळव केली.

पत्रे भिजवायला त्यानं शेतकऱ्यांकडून फवारणीचे पंप मागून आणले आणि धुऊन धुऊन घेतले. शेततळ्यात अंथरतात तो जाड प्लास्टिकचा कागद, कुणाचा उरलासुरला, गुंडाळायला मिळवला. गंजलेल्या हुकांना आधीपासून तेल पाजत राहिला, म्हणजे ते पान्यानं सुटतील, कापायला नकोत. मास्क मात्र उत्तमातले आणले, आणि लागतील त्याहून कितीतरी जास्त. तिथं त्यानं हात आखडला नाही. कारखान्यांचा घातक कचरा सरकारी परवानगीनं जिथं पुरतात, तिथं एका ओळखीच्या कारखान्याची गाडी जायची होती. परवानगीचे सोपस्कार करून त्यानं त्या गाडीत या पत्र्यांना जागा मिळवली. नवे लोखंडी पत्रे स्वतःच्या पेन्शनीतून घेतले.

सगळं चोख होतं. एवढंच त्याच्या ध्यानात आलं नव्हतं, की थोरले महाराज त्याच छपराखाली गेले होते.

थोरले महाराज म्हणजे मायचे गुरू. उतारवयात त्यांना मठाच्या पायऱ्या चढवेनात, तेव्हा त्यांनी आपली बाज जीपशेजारी टाकायला लावली. "या गाडीलाही माझ्यासारखंच ढकलावं लागतं," असं म्हणून हसायचे. तिथंच लोक त्यांना भेटायला येत, तिथंच त्यांनी डोळे मिटले. तेव्हापासून वाटेनं जाणारा माणूस गॅरेजला नमस्कार करून पुढं जाई. मुकुंदाला वाटायचं, मठाला करतात.

महाराजांचं छप्पर उतरतंय ही बातमी पंचक्रोशीत गेली, आणि सकाळी गॅरेजपुढं जत्रा लोटली.

प्रत्येकाला तुकडा हवा होता. कुणाला उंबऱ्यात पुरायला, कुणाला देव्हाऱ्यात ठेवायला, कुणाला गोठ्यावर बांधायला. तुकडा मिळेपर्यंत धीर नाही म्हणून बायाबापड्या खाली गळलेली भुकटी चिमटीनं गोळा करत होत्या.

मुकुंद तोंडाला मास्क बांधून शिडीवर उभा राहिला आणि त्यानं भाषण केलं. तंतू, फुप्फुस, कर्करोग... सगळं सांगितलं. अक्षर न् अक्षर बरोबर सांगितलं.

लोक ऐकत राहिले. मग सर्जेराव पुढं आला. थोरल्या महाराजांची जीप तोच चालवायचा. आता मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, जीभ नव्हती झाली.

"साहेब, मुसकं बैलाला बांधत्यात, उभ्या पिकात तोंड घालू नये म्हणून. तुम्ही कुणाच्या रानात निघालाय?"

जत्रा खदखदून हसली.

"हसा!" मुकुंद म्हणाला. "ही भुकटी विष आहे, सर्जेराव."

"महाराज इतकी वर्सं हितं निजले. त्यास्नी न्हाई बाधलं ते?"

"कसं नाही बाधलं? खोकूनच गेले ना ते?"

हसू एकदम थांबलं.

हे खरं होतं की नाही, मुकुंदालाही ठाऊक नव्हतं. रागाच्या भरात तोंडातून निघून गेलं... आणि गेलं ते गेलंच. कुणीतरी "उतरा खाली" म्हणालं. कुणीतरी शिडी हलवली. महाराजांच्या छपराला विष म्हणतो, हा कोण टिकोजीराव?

तेव्हा तो तडक टेकडी चढून वर आला होता. आणि माय तांदूळ निवडत होती.

"तुम्हाला काहीच वाटत नाही?" तो म्हणाला. "ते आता पत्रे फोडतील. प्रत्येकाला वाटा हवाय. पोराबाळांसकट सगळे त्या धुरळ्यात उभे राहतील. आणि तुम्ही... तांदूळ!"

मायनं सूप बाजूला सरकवलं आणि गुडघ्यांवर हात रेटून उठली.

"चल. उतरता उतरता सांग मला, कसं कसं करायचं ते."

"आत्ता काय उपयोग?"

"सांग तर."

तो सांगत गेला. पायऱ्या उतरता उतरता, दम खात, चिडत सांगत गेला. आधी सगळ्यांनी तोंड बांधायचं. पत्र्यांवर कुणी चढायचं नाही, पाय आत जाऊन माणूस खाली येतो. आजूबाजूनं फळ्या बांधल्यात, त्यांवरूनच काम. पत्रा भिजवायचा, कोरडा ठेवायचाच नाही. फोडायचा नाही, कापायचा नाही, ओढायचा नाही. अख्खा उतरवून कागदात दुहेरी गुंडाळायचा. खाली झाडू लावायचा नाही, ओल्या फडक्यानं टिपून फडकंही त्याच कागदात. शेवटी सगळ्यांनी अंगावरच्या कपड्यांसकट अंघोळ.

माय नुसती "हं... हं..." करत होती.

"आणि पुरायचं?" तिनं विचारलं.

"खोल. पुन्हा कुणी उकरणार नाही असं."

"हं."

तिला पाहताच जत्रा दुभंगली. माय गॅरेजच्या तोंडाशी गेली, त्या करड्या छपराकडं तिनं बराच वेळ पाहिलं आणि वाकून भुईला हात लावला. मग मुकुंदाकडं वळली.

"तुझ्या पिशवीतलं ते बांध मला."

"काय?"

"तोंडाला बांधतोस ते."

मुकुंदानं तिच्या तोंडावर मास्क चढवला, नाकावरची पट्टी दाबली. आतून तिचा आवाज जाड येत होता.

"थोरल्यांचं छप्पर आहे," माय म्हणाली. "आपला श्वास त्यावर पडू द्यायचा नाही."

मुकुंदानं तोंड उघडलं. पण लोकांनी त्याच्याआधी हात पुढं केले होते. सर्जेरावानं गुपचूप मास्क घेतला, मिशांवरून बांधला आणि दुसऱ्याच्या पट्ट्या नीट करायला लागला.

"तुकडा मागताय," माय म्हणाली. "संन्याशाला जाळतात का रे, सर्जेराव?"

"न्हाई, माय. समाधी देत्यात."

"तोडून देतात?"

सर्जेरावाची मान खाली गेली. "...न्हाई."

"मग? आधी अंघोळ घाला. तडा जाऊ द्यायचा नाही. अख्खं गुंडाळा. घरातून देह निघेपर्यंत केर काढत नाहीत, तसा इथंही झाडू लावायचा नाही. आणि माघारी आल्यावर सगळ्यांनी कपड्यांसकट पाणी घ्या. कसं उतरवायचं ते हा सांगेल. हा म्हणेल तसंच."

पुढं जे झालं तसं काम मुकुंदानं भल्या भल्या कारखान्यांत पाहिलं नव्हतं.

जमलेली पोरंबाळं वर मठात पाठवली. पाठीवर पंप घेतलेले चौघे फळ्यांवरून पाणी शिंपडत होते, ते जोरानं नव्हे, गुलाबपाणी शिंपडावं तसं. तेल प्यालेले हुक एकेक करून सुटले. खालून दहा हात वर झाले की पत्रा त्यांच्यावर येऊन टेकायचा. कुणी हाक मारत नव्हतं, कुणी घाई करत नव्हतं. एक पत्रा आधीचाच तडकलेला होता; तो उतरताना दोन म्हाताऱ्या बाया खालून हातांनी त्याला पेलून फळीसारख्या ताठ उभ्या राहिल्या, त्याची भेग उघडू नये म्हणून. कागदाच्या कडा दुमडून चिकटपट्टी लागली. पुड्या बांधून घेतलेल्यांनी त्या मुकाट्यानं ओल्या करून कागदात टाकल्या.

मुकुंद हुकूम देत होता आणि तो झेलला जात होता. तरी त्याच्या पोटातला राग उतरत नव्हता. ऐकतायत सगळं, पण त्याचं नव्हे.

शेवटचा पत्रा गुंडाळून झाला. आणि त्याला ती दिसली.

वच्छला. नवऱ्याला उदी पाजणार होती ती. भिंतीला टेकून उभी होती. पदराच्या टोकाला गाठ होती आणि गाठीवर मूठ.

"ते राहिलं," मुकुंद म्हणाला. "टाका यात."

"एवढं न्हाई देणार."

"बाई, सगळ्यांनी दिलं."

"त्यास्नी खोकला न्हाई. माझ्या घरी हाय."

"कशाचा खोकला?"

"क्रशरवर हायत ते. खडीच्या. निजू देत न्हाई खोकला."

दगडाच्या धुरळ्यानं गंजलेली छाती, आणि तिच्यावर औषध म्हणून हा धुरळा!

"अहो, माराल त्याला!" तो किंचाळला. "अक्कल आहे का? द्या ते इकडं!"

आणि त्यानं पदराच्या गाठीला हात घातला.

"साहेब!" सर्जेराव ओरडला. "हात काढा!"

वच्छला जागची हलली नाही. पण तिच्या डोळ्यांत असं काही आलं की मुकुंदाची मूठ आपोआप सुटली.

माय येऊन दोघांच्या मध्ये उभी राहिली होती. इतकी रागावलेली माय मुकुंदानं कधी पाहिली नव्हती.

"माझ्या दारात... बाईच्या पदराला हात?"

"माय, ती नवऱ्याला..."

"बाजूला हो."

तो बाजूला झाला. त्याला वाटलं, आता माय तिला फटकारेल, शपथ घालेल, महाराजांची आज्ञा सांगेल.

मायनं पायातल्या चपला काढल्या. खांद्यावरची झोळी काढून दोन्ही हातांत पसरली. आणि परक्या गावात परक्या उंबऱ्यापुढं उभं राहावं तशी वच्छलापुढं उभी राहिली.

"माई, भिक्षा वाढ."

वच्छला घाबरली. "माय... मी काय वाढू? माझ्यापाशी काय हाय?"

"पदरात आहे की."

"ते त्यांच्यासाठी हाय..."

"ठाऊक आहे."

"मग?"

"तरी मागतेय."

पंपांच्या नळ्यांतून पाणी टिपकत होतं.

वच्छलानं गाठीकडं पाहिलं. झोळीकडं पाहिलं. दारातल्या गोसाविणीला रिकामं धाडू नये, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. श्वास घ्यायला तरी कोण शिकवतं? हात गाठीकडं गेला.

"थांब," माय म्हणाली. "सर्जेराव, पाणी."

सर्जेरावानं ती गाठ हलक्या धारेनं चिंब भिजवली. मग वच्छलानं ती सोडली. करडा चिखल झोळीत पडला. पदराचा तेवढा तुकडाही तिनं दातांनी नव्हे, मायच्या सांगण्यावरून कात्रीनं कापून वर ठेवला. मायनं झोळीची घडी घातली आणि झोळीसकट सगळं कागदात गेलं.

"भरून पावले," माय म्हणाली आणि वच्छलापुढं वाकली.

गाडी आली, पत्रे चढले, गाडी गेली. माणसं हौदावर जाऊन कपड्यांसकट न्हाली. जीप उघड्या आभाळाखाली तेवढी उभी राहिली. नवे पत्रे दुसऱ्या दिवशी चढायचे होते.

ऊन कलताना मुकुंद वर आला. ओले केस, कोरडा चेहरा.

"माय, तुम्ही खोटं सांगितलंत."

"काय?"

"आपला श्वास त्यावर पडू नये म्हणालात. उलट आहे ते. त्याची धूळ आपल्या श्वासात जाऊ नये."

"पडला का कुणाचा श्वास?"

"नाही."

"धूळ गेली कुणाच्या छातीत?"

"...जवळजवळ नाही."

"हं."

"हं काय, माय! मुद्दा तो नाही. उद्या कुणाच्या गोठ्यावरचा असलाच पत्रा फुटेल. त्याखाली महाराज निजलेले नसतील. तिथं तुम्ही नसाल. तिथं हे घणच घालतील! कळायला नको त्यांना? की जन्मभर आंधळंच ठेवायचं?"

मायनं त्याच्याकडं पाहिलं.

"हे खरं आहे," ती म्हणाली.

मुकुंदाला हे अपेक्षित नव्हतं.

"सकाळी तू म्हणालास, महाराज त्या पत्र्यापायी खोकून गेले. ठाऊक होतं तुला?"

त्यानं नजर वळवली.

"...नाही. चिडलो होतो."

"हं."

खाली हौदावर कुणीतरी लुगडं आपटत होतं.

"पण वच्छलाला तरी सांगायला हवं होतं," मुकुंद म्हणाला. त्याचा आवाज पुन्हा चढला. "उदी काढून घेतलीत. खोकला राहिलाच की! त्या क्रशरवाल्यानं साधं फडकंसुद्धा दिलं नसेल बांधायला. दगडाची धूळ आहे ती, रोज पोटात... छातीत जातेय. त्या माणसाला दवाखाना हवा, छातीचा फोटो काढायला हवा, तोंडाला चांगलं काही बांधायला हवं. हे तिला कोण सांगणार? की मी तिला एक खुर्ची नेऊन देऊ, नवऱ्याला बसून झोपायला?"

मायला त्याच्या भावाचं ठाऊक होतं. तिनं त्याच्या हाताला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

"कोण सांगणार?" ती म्हणाली.

"मी सांगतो! उद्या सकाळीच जातो तिच्या घरी."

"काय नेशील?"

"मास्क नेतो. उरलेत ते सगळे. ओळखीच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहितो. लागलं तर त्याला जीपमधून घेऊन जातो."

"ने."

"आणखी काय न्यायचं?"

"काही नको..." माय म्हणाली. "पण इथून जेवून जाऊ नकोस. तिच्या दारात उभा राहा, आणि आधी भाकरी माग."